आई-बाबांनी चालवलेली बालवाडी: फी कमी, ड्युटी जास्त

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे बघा' थोडे कापलेत, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय. लोकलमध्ये उभ्याने वाचत असाल तर मथळे बघून हवं तिथे उडी मारा.

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. बालवाडी कोणाची असते?

आपल्याकडे याची उत्तरं ठरलेली आहेत. एखाद्या मॅडमची असते, एखाद्या ट्रस्टची असते, ब्रँडची फ्रँचायझी असते, नाहीतर सरकारची अंगणवाडी असते. या सगळ्यांत पालकाचं काम एकच, सकाळी पोर सोडायचं आणि दुपारी घ्यायचं. मधल्या वेळात व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले की प्रत्येकाने आपापलं पोर झूम करून बघायचं. म्हणजे पालक हा ग्राहक.

पण जगात काही ठिकाणी अशा बालवाड्या आहेत जिथे पालक ग्राहक नसतात, मालक असतात. आणि मालक म्हणजे केबिनमध्ये बसणारे नव्हेत. मंगळवारी सकाळी खाली बसून मुलांच्या रंगाच्या वाट्या धुणारे, आणि त्याच आठवड्यात संध्याकाळी बजेटवर मतदान करणारे मालक. माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात राहते. तिचा मुलगा दोन वर्षं अशा बालवाडीत होता. गेले काही महिने मी तिला प्रश्न विचारून विचारून पिडलंय. तो सगळा माल आज तुमच्यासमोर.

'सहकारी' म्हणजे साखर कारखानाच का?

सहकारी हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. साखर कारखाना, दूध संघ, पतपेढी, आणि शहरात असाल तर हाऊसिंग सोसायटी. कल्पना सगळीकडे तीच: जे वापरतात तेच मालक, एका सभासदाला एक मत, आणि कारभार निवडून दिलेल्या कमिटीकडे.

हीच कल्पना ३ ते ५ वर्षांच्या मुलांच्या वर्गाला लावा. १५-२० कुटुंबं एकत्र येतात. जागा भाड्याने घेतात, बऱ्याचदा चर्चचा किंवा कम्युनिटी सेंटरचा हॉल. एक प्रशिक्षित शिक्षिका पगारावर ठेवतात. बाकीची सगळी कामं, म्हणजे मदतनीस, हिशेब, खरेदी, साफसफाई, दुरुस्ती, नवीन प्रवेश, हे सगळं पालक आपसांत वाटून घेतात. अमेरिकेत याला नुसतं 'को-ऑप' म्हणतात. 'आमचा मुलगा को-ऑपला जातो' म्हटलं की समोरच्याला दोन गोष्टी कळतात. एक, फी थोडी कमी असणार. दोन, यांना आठवड्यातला एक दिवस सुट्टी काढावी लागत असणार.

थोडा इतिहास, कंटाळवाणा नाही

अमेरिकेत या प्रकाराची सुरुवात साधारणपणे १९१६ पासून धरतात. शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या पत्नींनी एकत्र येऊन पाळणाघरवजा शाळा काढली. हेतू तीन होते. मुलांना इतर मुलांची सोबत मिळावी, आपल्याला मुलं वाढवण्याबद्दल शिकता यावं, आणि रेड क्रॉसच्या कामाला थोडा वेळ मिळावा. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत कॅथरिन व्हाइटसाइड टेलर यांच्या पुढाकाराने असाच एक वर्ग सुरू झाला. पुढे अमेरिकेतल्या या चळवळीत त्यांचं नाव मोठं झालं.

मला जास्त आवडते ती न्यूझीलंडची गोष्ट. १९४१ साल, दुसरं महायुद्ध, बरेच बाप लढाईवर. वेलिंग्टनच्या करोरी भागात आया एकत्र आल्या आणि त्यांनी 'प्लेसेंटर' सुरू केलं. हेतू साधा: मुलांना खेळायला जागा, आईला जरा श्वास. १९४८ मध्ये देशभरातल्या अशा केंद्रांचा महासंघ झाला आणि ग्वेन सॉमरसेट त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. तिथे बऱ्याच केंद्रांत नेमलेल्या शिक्षिकेपेक्षा पालकच मुख्य असतात. त्यासाठी पालक स्वतः बालशिक्षणाचे कोर्स करतात. मुलाला सोडायला आलेली आई तीन-चार वर्षांत केंद्र चालवायला लागते, हा तिथला नेहमीचा प्रवास.

इटलीतली गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. १९४५ च्या वसंतात युद्ध संपलं. रेज्जो एमिलिया शहराजवळच्या विला चेल्ला गावातल्या लोकांनी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले. आलेल्या पैशातून गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बालशाळा बांधायला घेतली. हे ऐकून लोरिस मालागुझ्झी नावाचे तरुण शिक्षक सायकल मारत बघायला गेले आणि त्या कामात आयुष्यभरासाठी अडकले. आज 'रेज्जो एमिलिया पद्धत' म्हणून ज्या नावावर जगभर महागड्या शाळा चालतात, तिच्या मुळाशी भंगारात विकलेला रणगाडा आहे. विचार करा!

इंग्लंडमध्ये १९६१ मध्ये बेल टुटाएव्ह या आईने 'गार्डियन' वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की सरकार बालशाळा काढत नसेल तर आपणच काढूया, कोण येतंय? त्यातून देशभर प्लेग्रुपची संघटना उभी राहिली. जर्मनीत १९६८ च्या सुमारास विद्यार्थी चळवळीतल्या पालकांनी रिकाम्या पडलेल्या दुकानांच्या गाळ्यांत वर्ग सुरू केले. म्हणून त्यांचं नाव पडलं 'किंडरलाडेन', लाडेन म्हणजे दुकान.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. यातलं कुठलंही 'चला, एक नवीन शिक्षणपद्धती काढूया' म्हणून सुरू झालं नाही. गरज होती, सोय नव्हती, आणि शेजारी तीच गरज असलेली माणसं होती.

आता गणित

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला आधी रोटा बघायचा होता. सोपे आकडे धरून उदाहरण मांडतो.

समजा २० मुलं आहेत, म्हणजे २० कुटुंबं. वर्ग आठवड्यातून ५ दिवस, रोज सकाळी ३ तास. रोज वर्गात १ शिक्षिका आणि ४ पालक. आठवड्याला पालकांच्या पाळ्या किती? ५ गुणिले ४, म्हणजे २०. कुटुंबंही २०. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून बरोबर एक पाळी.

महिन्याला ४ पाळ्या, म्हणजे १२ तास. त्यात महिन्याची मीटिंग २ तास. शिवाय प्रत्येक कुटुंबाकडे वर्षभरासाठी एक 'काम' असतं, कुणी खजिनदार, कुणी खरेदीवाला, कुणी फक्त वाळूच्या हौदाचा इनचार्ज. त्याचे धरा ४ तास. झाले १८ तास.

बदल्यात काय मिळतं? २० मुलांमागे ५ मोठी माणसं, म्हणजे एका मोठ्यामागे ४ मुलं. ३ वर्षांच्या मुलांना हातात खरी हातोडी द्यायची असेल तर हे प्रमाण लागतंच. आणि चार मदतनिसांचे पगार वाचतात, म्हणून फी कमी.

पण याच रोट्याची दुसरी बाजू बघा. एक पालक आला नाही तर एका मोठ्यामागे ५ मुलं. दोन आले नाहीत तर जवळपास ७. मग त्या दिवशी हातोडी कपाटात, पाण्याचा खेळ बंद, सगळे गालिच्यावर बसून गोष्ट ऐका. म्हणून को-ऑपमधला सगळ्यात कडक नियम हा असतो: तुमची पाळी चुकणार असेल तर बदली तुम्हीच शोधायची. आयटीवाल्यांना हे लगेच समजेल. हा सरळसरळ ऑन-कॉलचा रोटा आहे, फक्त सर्व्हरच्या जागी तीन वर्षांची वीस पोरं आहेत, आणि ती रीस्टार्ट होत नाहीत.

अजून एक गुणाकार. १८ तास गुणिले २० कुटुंबं म्हणजे महिन्याला ३६० तास. एवढं काम बिनपगारी होतं. ते फुकट नसतं, फक्त फीच्या पावतीवर दिसत नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका पाळीची सकाळ

ताईची पाळी मंगळवारी असायची. पाळीवर येण्याआधी कागदपत्रं: क्षयरोगाची तपासणी, लसीकरणाचे दाखले, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण. मग सकाळी मुलांच्या आधी पोहोचायचं. पाण्याचं टेबल भरायचं, कणकेसारखा रंगीत गोळा मळायचा, रंग पातळ करायचे, खुर्च्या मांडायच्या.

मग प्रत्येक पालकाला एक ठाणं. एक जण अंगणात, एक जण ठोकळे आणि भातुकलीपाशी, एक जण रंगकामाला, एक जण खाऊच्या टेबलावर. शिक्षिका फिरती. तिचं लक्ष मुलांवर असतं तितकंच पालकांवरही असतं, कारण तिच्या दृष्टीने शिकणारे दोन गट आहेत.

पालकांना काय शिकवतात? ताईने सांगितलेल्यातल्या तीन गोष्टी मी लिहून ठेवल्यात.

पहिली: मुलाचं चित्र तुम्ही काढून द्यायचं नाही. 'आई, हत्ती काढ ना' म्हटलं की आपला हात आपोआप जातो. तिथे विचारायचं, हत्तीचं काय काय असतं? सोंड कुठे आहे? आणि मग जे कागदावर उतरेल तो हत्ती. तो बटाट्यासारखा दिसला तरी तो हत्तीच.

दुसरी: भांडण झालं की न्यायाधीश व्हायचं नाही. दोघांच्या उंचीला खाली बसायचं, लाल गाडी कुणाच्याही हातात न देता आपल्या हातात धरायची आणि मोठ्याने सांगायचं की याला गाडी हवी आहे, हिलाही हवी आहे, आता काय करूया? पहिले काही आठवडे हे नाटकी वाटतं. पण चार वर्षांची मुलं दोन-तीन महिन्यांत हे एकमेकांशी करायला लागतात. ताईचा मुलगा तर घरी रिमोटवरून आई-बाबांचं वाजलं तेव्हा मधे येऊन बसला होता.

तिसरी, सगळ्यात अवघड: आपलं पोर शक्यतो दुसऱ्याने सांभाळायचं. तुमच्या पाळीच्या दिवशी मूल तुम्हाला चिकटतं, बाकीच्यांना तुमच्या मांडीवर बसू देत नाही, एरवी शहाणं असलेलं त्या दिवशी लोळण घेतं. अशा वेळी दुसरी आई येते आणि त्याला घेऊन जाते. आणि तुम्ही त्याच वेळी तिच्या मुलीचं नाक पुसत असता. ताई म्हणाली की हे जमायला तिला चार महिने लागले. आपलं मूल दुसऱ्याच्या हातात रडताना बघून जागेवर बसून राहणं, याचा कोर्स कुठेच नसतो.

आणि खाऊ! खाऊ आणण्याचीही पाळी असते. ताईने उत्साहात ठरवलं, कांदेपोहे. मग नियमावली उघडली तर शाळेत शेंगदाणा पूर्ण बंद, एका मुलाला ॲलर्जी. आता मराठी स्वयंपाकातून दाणे काढले की काय उरतं हे मी तुम्हाला सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी गेली, चिवडा गेला, कोशिंबीर गेली. शेवटी बिनदाण्याचे पोहे गेले. काहींनी खाल्ले. एका मुलीने खाल्ले नाहीत, पण सगळ्या मोहऱ्या वेचून टेबलाच्या कडेला रांगेत लावल्या आणि मोजल्या. शिक्षिका म्हणाली, आजचा गणिताचा तास झाला.

मुलं गेल्यावर पंधरा मिनिटं सगळे पालक आणि शिक्षिका लहान खुर्च्यांवर बसतात. आज काय दिसलं? कोण एकटं होतं? कोणता खेळ उद्या बदलायचा? आमच्या ऑफिसात स्प्रिंट संपल्यावर रेट्रो होतो, त्यात लोक कॅमेरा बंद करून बसतात. इथे ते शक्य नाही, कारण गुडघे हनुवटीला लागलेले असतात.

माणसं जवळ कशी येतात?

आता मुद्द्याचं. 'कम्युनिटी' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. दोनशे जणांच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग आलं की झाली कम्युनिटी. को-ऑपमध्ये ती कशी तयार होते हे बघण्यासारखं आहे, कारण ती मुद्दाम कोणी तयार करत नाही. रोट्यातून ती पडते, जसं लोणी ताकातून निघतं.

ताई नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेली. व्हिसा अवलंबिताचा, म्हणजे सुरुवातीची काही वर्षं तिला पगाराची नोकरी करता येत नव्हती. इथे ती आर्किटेक्ट होती, तिथे 'अमुकची वाइफ'. पहिल्या हिवाळ्यात तिला शेजारच्यांची नावंही माहीत नव्हती. मग मुलाच्या निमित्ताने को-ऑप आलं. एका शनिवारी 'वर्क पार्टी' होती, म्हणजे आपलं श्रमदान: कुंपण रंगवणं, हौदात नवीन वाळू ओतणं. मुलांसाठी मांडवासारखी सावली करायची होती. सगळे गोंधळले होते. ताईने कागद मागितला आणि दहा मिनिटांत मापांसकट आराखडा काढून दिला. त्या दिवसापासून तिथे तिची ओळख बदलली. हे सांगताना फोनवर तिचा आवाज जरा थांबला होता, एवढंच सांगतो.

तिथली एक पद्धत मला फार आवडली. कुणाच्या घरी दुसरं बाळ झालं की एक यादी फिरते आणि तीन आठवडे त्या घरी रोज संध्याकाळी कुणाकडून तरी जेवण जातं. ताईचा वार मंगळवार, मेनू मऊ खिचडी आणि कढी. आपल्याकडे बाळंतिणीला डबा ही नवी गोष्ट नाही, पण तिथे आत्या-मावश्या हजारो मैल लांब. ते नातं रोट्याने भरून काढलं.

मग एकदा ताईवरच वेळ आली. नागपूरला काकांना, म्हणजे तिच्या बाबांना, हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांत तिला निघायचं होतं. तिने ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं की पुढच्या चार पाळ्या मला जमणार नाहीत. नियमाप्रमाणे बदली तिनेच शोधायची होती. अर्ध्या तासात चारही पाळ्यांपुढे दुसऱ्यांची नावं लागली होती. वर एका बाबाने विचारलं, रोज दुपारी मुलाला आमच्याकडे ठेवू का, तुझ्या मिस्टरांचं ऑफिस सुटेपर्यंत? काका आता बरे आहेत. पण ताई म्हणते की विमानात बसल्यावर तिला मुलाची काळजी वाटली नाही, कारण तो ज्यांच्याकडे होता त्यांनी त्याचं नाक वर्षभर पुसलेलं होतं.

पार्टी करून असा विश्वास येत नाही. एकमेकांसमोर शेकडो वेळा छोटी, कंटाळवाणी कामं नीट केली की येतो.

आता दुखणी

इथपर्यंत वाचून सगळं गोडगोड वाटत असेल, तर थांबा. मघाचा ३६० तासांचा आकडा आठवा.

पहिलं दुखणं, वेळ कुणाकडे आहे? दोघं नोकरी करतात, किंवा एकटी आई आहे, किंवा तासांवर पगार आहे, त्यांच्यासाठी आठवड्यातली एक सकाळ म्हणजे थेट पगारातली कपात. ताईच्या वर्गात एक बाबा गोदामात शिफ्टमध्ये काम करायचा. त्याचं वेळापत्रक दर आठवड्याला बदलायचं. दोन महिने त्याने पाळ्यांची अदलाबदल करून बघितली, मग मुलीला काढून घेतलं. कमी फीची सगळ्यात जास्त गरज कदाचित त्यालाच होती. म्हणजे फी कमी केली, पण प्रवेशाची किंमत पैशातून वेळेत बदलली, आणि वेळही काही सगळ्यांकडे सारखा नसतो. न्यूझीलंडमध्येही आया मोठ्या संख्येने नोकरीला लागल्यावर प्लेसेंटरांना हाच चटका बसला.

त्या बाबाच्या जाण्याने ताईच्या को-ऑपमध्ये बरीच चर्चा झाली आणि पुढच्या वर्षी नियम बदलले. आजी-आजोबा पाळी करू शकतात. ज्यांना सकाळ अजिबात जमत नाही ते संध्याकाळची कामं जास्त घेऊ शकतात. काही जागा सवलतीच्या. पण ती मुलगी परत आली नाही.

दुसरं दुखणं, शिक्षिकेचा पगार. इथे मजेशीर पेच आहे. पालक हेच तिचे विद्यार्थी आणि पालक हेच तिचे मालक. फी कमी ठेवायची तर पगार दाबला जातो, आणि मतदान करणारे सगळे फी भरणारेच! ताईच्या दुसऱ्या वर्षी सभेत विषय निघाला की शिक्षिकेला दोन वर्षं वाढ नाही. दोन तास वाद चालला. खजिनदार आईने शांतपणे एकच मुद्दा मांडला. म्हणाली, आपण सगळे इथे बिनपगारी राबतो म्हणून आपल्याला वाटायला लागतं की तिनेही थोडं प्रेमापोटी करावं. पण आपलं मूल दोन वर्षांनी इथून जाणार आहे, तिची ही नोकरी आहे. फी वाढली. एक कुटुंब सोडून गेलं.

तिसरं दुखणं, विसरभोळेपणा. मूल पाच वर्षांचं झालं की कुटुंब जातं. म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी अख्खं व्यवस्थापन बदलतं. सांडपाण्याचा पाइप कुठे तुंबतो, हॉलवाल्यांशी काय बोलणं झालं होतं, मागच्या वेळी तो नियम का केला होता, हे ज्या डोक्यात होतं ते डोकं गेलं. म्हणून चांगल्या को-ऑपमध्ये प्रत्येक कामाची फाइल असते आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला ती समजावून दिल्याशिवाय निरोप मिळत नाही. ज्यांनी दुसऱ्याचा डॉक्युमेंटेशन नसलेला कोड सांभाळलाय, त्यांना याची किंमत कळेल.

आणि चौथं, माणसं. कामचुकार असतात, प्रत्येक मीटिंगमध्ये एकच मुद्दा उगाळणारे असतात, तापलेलं पोर पॅरासिटामॉल देऊन पाठवणारे असतात. सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग बघितली असेल तर कल्पना करायची गरज नाही.

आपल्याकडे हे जमेल का?

आपल्या मातीतही याच्या जवळचं काहीतरी आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासोबत कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. तिथूनच 'अंगणवाडी'. महागड्या साधनांऐवजी आजूबाजूला मिळेल ते वापरलं. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर पोहोचला. ते काम आणि को-ऑप एक नव्हेत. तिथे शिक्षक लोकांच्या दारात गेले, इथे लोक स्वतः शिक्षकाच्या शेजारी बसले. पण लहान मुलांचं शिक्षण हे घराच्या आणि शेजाराच्या मधोमध घडतं, हे दोघांनाही दिसलं होतं.

आता तुमच्यातल्या कुणाला वाटलं की आपल्या सोसायटीत करून बघूया, तर माझा सल्ला: शाळा काढू नका. खेळाची सकाळ काढा. ६ कुटुंबं पुरेत. आठवड्यातून दोनदा दोन तास, क्लबहाऊसमध्ये किंवा झाडाखाली. प्रत्येक वेळी दोन पालक. आठवड्याला ४ पाळ्या, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला तीन आठवड्यांत दोन. एवढं झेपतं.

पहिल्या दिवसापासून चार-पाच नियम कागदावर लिहा.

मुलांसोबत एकटं मोठं माणूस कधीच नसेल, नेहमी किमान दोन.

प्रत्येक मुलाची ॲलर्जी आणि तातडीचा फोन नंबर भिंतीवर, फोनमध्ये नाही. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

ताप असेल तर मूल घरी, वाद नाही.

फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि ग्रुपबाहेर तर अजिबात नाही.

बाबांच्या पाळ्या आईच्या खात्यात लिहायच्या नाहीत. रोट्यावर कुटुंबाचं नाही, माणसाचं नाव. महिन्याअखेरीस यादीकडे बघा, सगळी नावं आयांची दिसली तर तुम्ही नवीन काही केलेलं नाही.

सहा महिने हे टिकलं तर पुढचा विचार करा. फी घेऊन, शिक्षिका नेमून, मुलांना सोडून जायची सोय करायची म्हटली की परवानगी, नोंदणी, विमा हे सगळं मागे येतं. त्या पायरीवर जाण्याआधी स्थानिक नियम नीट विचारून घ्या.

आणि हो, कुणाला बोलवायचं याची यादी करताना एक प्रश्न स्वतःला विचारा. आपल्या सोसायटीत सकाळी कामाला येणाऱ्या ताईंचं मूल त्या दोन तासांत कुठे असतं? सहकार म्हणायचं आणि यादी एकाच बिल्डिंगच्या एकाच मजल्यावर संपवायची, यात फारसा अर्थ नाही. त्यांना पाळी करता येणार नसेल तर ती उरलेल्यांनी वाटून घ्यायची. सहा कुटुंबांत एक पाळी वाटणं कठीण नाही, मी हिशेब करून बघितलाय.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या लहानपणी वाड्यात, चाळीत किंवा गावात असं काही चालायचं का? कोण सांभाळायचं, कोण खाऊ द्यायचं, कोण ओरडायचं? ऐकायला आवडेल, नक्की कळवा. आणि हा भाग अशा एका मित्राला पाठवा ज्याच्या घरी तीन वर्षांचं पोर आहे आणि ज्याला शेजारच्याचं नाव माहीत नाही. भेटूया पुढच्या भागात. दाणे खात राहा, कुणाला ॲलर्जी नसेल तर!